केरबाच्या घरातून कोण?

कोल्हापूर
९ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या कृष्णातचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

अक्षर तिरकं दिसलं तर रागावू नको. फुटबॉलची सेमीफायनल माईकवर सांगून आत्ताच घरी आलोय, माईक धरून बोटं आखडलीत आणि घसा तर पार बसलाय. आपली वेशीकडील तालीम फायनलला गेली. तेवीस वर्षांनी. रविवारी २३ तारखेला, शाहू स्टेडियमवर, दुपारी चारला. समोर कोण, तर चिंच चौक. म्हणजे वर्षाराणीचं माहेर, आणि तिचा भाचा अमरसिंह त्यांचा कॅप्टन. निकाल लागल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. रविवार असून मटणाचा बेत रद्द झाला आणि ताटात पिठलं-भात आला. मी एका शब्दानं काही म्हणालो नाही, कारण शब्दानं काही म्हणालो असतो तर भातही गेला असता.

आता दुसरी बातमी, ती बसून वाच. मुंबईच्या एका कंपनीचं खेळांचं ॲप आहे. ही फायनल ते माझ्या आवाजात सगळीकडं ऐकवणार आहेत. आवाज पटला तर जूनपासून त्यांच्याकडची फुटबॉलची सगळी मराठी कॉमेंट्री माझी. मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या लेथला रामराम. त्यांच्या साहेबांनी फोनवर विचारलं, निवेदनाचं शिक्षण कुठं घेतलंत. मी सांगितलं, शाहू स्टेडियमच्या भोंग्यावर. सुरुवातीला माझं काम एवढंच होतं, की दारातली लाल मोटारसायकल काढा आणि हरवलेलं पोरगं पाण्याच्या टाकीजवळ उभं आहे. एका रविवारी सांगणारा माणूस आलाच नाही, तेव्हा मी मोटारसायकलींच्या मधे मधे मॅच सांगायला लागलो. तिथून रेडिओवर रविवारचा अर्धा तास. मग कोरोनात मैदानाला कुलूप लागलं आणि कपाटात तू शिवलेल्या गोधड्या टांगून, आत घुसून, जुन्या मॅचेस तोंडपाठ सांगत ‘गोलपोस्टच्या मागं’ हा पॉडकास्ट सुरू केला. क्रांतीनं तेव्हा विचारलं होतं, पप्पा, कपाटातल्या माणसाची कॉमेंट्री ऐकणार कोण. आता तीच माझं सगळं रेकॉर्डिंग सांभाळते आणि दुबईहून पोरांचे निरोप आले की मला मोठ्यानं वाचून दाखवते.

शिक्षण नसेल, पण शिस्त आहे. चेंडू नुसता ‘गेला’ असं मी कधी म्हणत नाही. कुठल्या पायानं, पायाच्या आतल्या बाजूनं की बाहेरच्या, किती उंचीवरून, हे सांगितल्याशिवाय माझं वाक्य पुरं होत नाही. हंगामाआधी प्रत्येक खेळाडूच्या घरी जाऊन त्याच्या आईला विचारतो, नाव कसं घेता. चिंच चौकाकडून एक नायजेरियन पोरगा खेळतो, सेगुन. त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावायला लावला आणि नाव तिच्या तोंडून ऐकून घेतलं. अख्खी पेठ त्याला शेवगा म्हणते. मी म्हणत नाही.

दाजींना नमस्कार. तुझा जीव माझ्यावर आहे तेवढाच असू दे, आणखी वाढवलास तर या दिवसांत मला पेलायचा नाही.

तुझा,
कृष्णात


नेसरी
१२ मार्च २०२५

चि. कृष्णात यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या दाजींना वाचून दाखवलं, तर म्हणाले, ह्यो माणूस पत्रातबी कॉमेंट्रीच करतोय. मी म्हटलं, फोनवर त्याहून वाईट असतंय. फोन उचलला की मला वाटतंय मीच कुठल्यातरी गोलात उभी हाय आणि आता माझ्यावरच चेंडू येणार. म्हणून तर पत्राचा हट्ट धरलाय. कागदावर तू माझा भाऊ असतोस.

इकडं समदं बरं हाय. शाळू पदरात पडला. काजू फोडायला बसलो की सूनबाई तुझा पॉडकास्ट लावती. परवा तू म्हटलास, चेंडू गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली आला. एवढं बारीक तर नेसरीचा शिंपीबी मोजत न्हाय. पण अंबूबाईसारखी म्हातारी, जिनं जन्मात फुटबॉल बघितला न्हाय, ती हातातला काजू तसाच धरून विचारती, मग म्होरं काय झालं. तवा मला लई अभिमान वाटतोय. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिवलं गेलं.

मुंबईचं काम येऊ दे. लेथनं तुझी पाठ खाल्ली. पण कृष्णा, एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठंच न्हाय, आणि तू एवढा बारकाईचा माणूस, म्हणून मला धास्ती वाटतीया. फायनलच्या दिवशी गणपतराव तालमीच्या पायरीवर उभं राहून घरं पुकारत्यात. घरटी एक माणूस. ज्या घराचं नाव येईल त्यातनं ‘हाय’ असा आवाज आला पायजे, आणि मग ती माणसं झेंड्यामागनं चालत स्टेडियमला जात्यात. जे घर गप्प राहिलं ते पुन्हा पुकारत न्हाईत. सोनारांचं घर असंच गेलं, ठावं हाय तुला. आबा जाऊन एवढी वर्सं झाली तरी आपलं घर अजून ‘केरबाचं घर’ म्हणूनच पुकारत्यात. मागच्या फायनलला तू बोलला होतास. यंदा तू वर माईकवर बसणार. मग खाली केरबाच्या घरातनं कोण?

वर्षाराणीला म्हणावं पिठलं तरी लसूण घालून कर. तिच्या हाताला चव हाय, रागानं ती घालवू नको.

माया आटत न्हाय, पण पत्राला उशीर केलास तर मी काय बोलंन त्याचा भरवसा न्हाय.

तुझी,
अक्का


कोल्हापूर
१५ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तू नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. मी ते पत्रात लिहिलं नाही, कारण मीच त्याच्याकडं बघत नव्हतो. मी माईक हातात घेतल्यापासून आपली तालीम फायनलला कधी आलीच नाही, त्यामुळं हा प्रश्न कधी पडला नाही.

परवा तालमीत बैठक झाली. सगळे उड्या मारत होते. झेंड्याची नवी काठी आली, फेटे ठरले, ज्ञानूनं हलगीला नवं कातडं चढवलं. गणपतराव मात्र भिंतीला टेकून बसलेले. वस्ताद आता थकलेत, पण मांडी तशीच ताठ. आबा गोलमध्ये आणि त्यांच्या पुढं फुलबॅक गणपतराव, ही जोडी अजून जुनी माणसं डोळे मिटून सांगतात. मी उठून मुंबईच्या कंपनीचं सांगितलं. टाळ्या झाल्या. वस्तादांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी विचारलं, मग पायरीवर कोण. मी म्हणालो, माईकवर मी कुणाचाच नसतो, आणि म्हणून तर दोन्ही पेठांची माणसं मला ऐकतात. त्यावर ते जे बोलले ते तसंच्या तसं लिहितो.

“कुणाचाच न्हाईस हे वर सांग. खाली केरबाचं घर पुकारल्यावर कोण बोलतंय तेवढं मला सांग.”

मग एकानं हळूच सुचवलं की वर्षाराणीला उभी करू. अक्का, चिंच चौकाची लेक वेशीच्या झेंड्यामागून चालली तर दोन्हीकडं तोंड दाखवायला जागा राहायची नाही. तिला गंमत म्हणून सांगितलं तर तिनं लाटणं खाली ठेवलं आणि नुसतं बघितलं. क्रांतीला पाठवावं तर ती माझ्या शेजारी यंत्रावर बसणार. तिच्याशिवाय माझा आवाज स्टेडियमच्या बाहेर जात नाही. आमच्या घरात माणसं तीन, आणि तिन्ही अडकलेली.

दोन रात्री विचार केला. नोकरी काय, आज नाही तर उद्या येईल. पण घर एकदा पुकारायचं थांबलं की थांबलं. आबांचं नाव माझ्यामुळं त्या पायरीवरून उतरलं, तर मी कुठल्या तोंडानं मॅच सांगू? साहेबांना गुरुवारपर्यंत पक्कं कळवायचं आहे. माझ्याकडून जमणार नाही असा निरोप मी मोबाईलवर टाईप करून ठेवलाय. अजून पाठवलेला नाही. मजा बघ, वर्षाराणी म्हणते पाठवूच नका, माझ्या भाच्याचा गोल दुसऱ्या कुणी सांगितलेला मला चालणार नाही. ती धरून चाललीय की अमरसिंहच गोल मारणार.

तुला काय वाटतं ते लिही. तुझ्या रागावरही माझा हक्क आहे, तो राखून ठेवू नकोस.

तुझा,
कृष्णात


नेसरी
१८ मार्च २०२५

चि. कृष्णात यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र गुरुवारच्या आत मिळावं म्हणून तुझ्या दाजींना गडहिंग्लजला धाडून स्पीड पोस्ट केलंय. पयलं काम, तो निरोप पुसून टाक. पुसलास? मग म्होरं वाच.

घरटी एक माणूस, असं म्हणत्यात. बाप्या माणूसच पायजे, असं मी आबांच्या तोंडातनंबी कधी ऐकलं न्हाय. मी केरबाची थोरली लेक. आबांचे हातमोजे फाटले की मी शिवायची. चिखलातनं आले की त्यांच्या गुडघ्याला तेल मी लावायची. सुटलेला गोल त्यांना झोप येऊ द्यायचा न्हाय तवा, कसा सुटला ते त्यांनी मलाच सांगितलंय, तू पाळण्यात होतास. पण स्टेडियमची पायरी मी कधी चढले न्हाय. तवा पोरी जात नव्हत्या, आणि मग लग्न झालं. आता सूनबाई म्हणती, आत्ती, कोल्हापुरात बायका नुसत्या जात न्हाईत, शिट्ट्या मारत्यात. मला शिट्टी येत न्हाय, पण ‘हाय’ म्हणता येतंय.

तुझे दाजी म्हणाले, गुडघं दुखत्यात, कसं चालणार. मी म्हटलं, नेसरीपासनं चालायचं न्हाय, तालमीपासनं चालायचंय. तर त्यांनी गप कपाटातनं आपले पांढरे बूट काढून दिले. सकाळच्या जीपनं येते आणि त्याच जीपनं माघारी, म्हशीला दुसऱ्याचा हात चालत न्हाय.

गणपतराव काय म्हणतील ते म्हणू देत. मला हाकललं तर हाकलतील, पण पुकारल्यावर घर गप्प राहिलं असं व्हायचं न्हाय. तू तुझ्या जागी बसायचं. एकच सांगते, माईकवर माझं नाव घेऊन लाड करायचे न्हाईत. तू कुणाचा न्हाईस तर मग माझाबी न्हाईस, मॅच संपंस्तवर.

भेटीला येतेच हाय, तवा मायेचं तोंडी बोलू.

तुझी,
अक्का


कोल्हापूर
२४ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

जिंकलो. हे तुला काय सांगायचं, तू डोळ्यांनी बघितलंस. एक-एक बरोबरी आणि पेनल्टीवर आपली तालीम. पण मला एकदा माझ्या हातानं लिहायचं होतं, म्हणून वर लिहिलं.

साहेब काल माझ्या मागं उभे होते. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून माझा हात धरला आणि म्हणाले, जूनपासून या. कागद येत्या आठवड्यात. क्रांती तिथंच रडायला लागली. मी रडलो नाही, मला पाणी प्यायचं होतं. घरी वर्षाराणीनं मला ओवाळलं आणि मग भाच्यासाठी डोळे पुसले, दोन्ही एकाच पदरानं. आमटीत मीठ दुप्पट पडलंय. मी चवीनं जेवलो.

मिरवणूक दारातून आत आली तेव्हा मी दुर्बीण लावली. झेंड्यामागं चौथ्या रांगेत तू. सांगितल्याप्रमाणं तुझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो, वेशीच्या रांगेत एक बाई आहेत, साठीच्या, हिरवं लुगडं, पायात पांढरे बूट, डावा पाय जरा जपून टाकतात. लगेच चिंच चौकाच्या ताशेवाल्याला तितकाच वेळ दिला. कुणी बोट दाखवू नये म्हणून क्रांतीकडून रेकॉर्डिंग मोजून घेतलं. ताशेवाला थोडा जास्तच भरला.

पण अक्का, मॅच सुरू झाल्यावर मी पुन्हा तुझ्याकडं बघू शकलो नाही. आणि त्यात माझा जीव अडकलाय. तू रांगेत होतीस, म्हणजे वस्तादांनी तुला चालू दिलं. पण चालू देणं वेगळं आणि मानणं वेगळं. मी कंपनीच्या माणसांतून मोकळा होईपर्यंत तुमची जीप गेलेली. तालमीत रात्रभर हलगी वाजली, मी गेलो नाही. ज्या घराचा निकाल लागायचा आहे त्यानं बोलावल्याशिवाय तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. आज दुपारपर्यंत कुणाचा निरोप नाही. रस्त्यात ज्ञानू भेटला, तो नुसता हसला आणि म्हणाला, अक्कांनी सांगितलं न्हाय व्हय. तुला फोन केला तर ‘समदं पत्रात’ म्हणून तू ठेवून दिलास. जूनपासून अख्ख्या महाराष्ट्राला मॅच सांगणारा मी, आणि माझ्याच तालमीच्या गॅलरीत काय झालं ते मला कुणी सांगेना.

लवकर लिही. तुझ्या मायेपेक्षा मला या क्षणी तुझ्या माहितीची जास्त गरज आहे, त्याची माफी असावी.

तुझा,
कृष्णात


नेसरी
२६ मार्च २०२५

चि. कृष्णात यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन ठेवला म्हणून रुसू नको. ही गोष्ट फोनवर सांगाया लागले असते तर तू मधेच माझ्या हातातनं काढून घेऊन स्वतःच सांगाया लागला असतास. आता गप बसून वाच.

पायरीखाली समदी जमलेली. गणपतराव गुलाबी फेट्यात. एकेक घर तोंडपाठ पुकारत होते. “केरबाचं घर,” म्हटल्यावर मी ‘हाय’ म्हटलं, ते एवढं मोठ्यानं की पुढं उभा असलेला ज्ञानू दचकून वळला. गणपतराव म्हणाले, लेक दिल्या घरची असतीया. मी म्हटलं, दिल्या घरात फुटबॉल न्हाय, म्हणून माघारी आलीया. माणसं हसली, ते हसले न्हाईत. चल म्हणाले, निकाल मॅच झाल्यावर.

स्टेडियममध्ये माझ्या पायाकडं बघून पोरांनी मला गणपतरावांच्याच शेजारी खुर्ची दिली. बसल्यावर बघितलं तर फेट्यातनं एक वायर कानात गेलेली. वाटलं, ऐकायचं यंत्र असंल, वय झालंय. पण सेगुननं गोल मारला आणि आपली सारी रांग खाली बसली, तवा मी त्यांना पाणी द्यायला वाकले. तर कानात तू. डावा पाय, आतली बाजू, पोटरीच्या उंचीवरनं. एवढं बारीक दुसरं कोण बोलतंय?

मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्होरं बघतच म्हणाले, “तानी, मधल्या रेघंच्या पल्याडचं मला दोन वर्सं दिसत न्हाय. सुनेनं ह्ये लावून दिलंय. कुणाला बोलू नको.” म्हणजे कृष्णा, तुझी एकबी मॅच ह्या माणसानं सोडलेली न्हाय. मी विचारलं, मग पोराला माईकवरनं उठवाया का निघाला होता. तर म्हणाले, मला त्याचं ऐकू येतंय गं, पण पायरीवर घर गप्प राहिलं असतं तर उद्या वर जाऊन केरबाला काय सांगू.

आता मजा ऐक. तू आता भोंग्यावर न्हाईस, जे बोलतोस ते मोबाईलवर उशिरानं येतंय. मैदानात झालेलं त्यांच्या कानात अर्ध्या मिनिटानं पोचतंय. आपल्या अनेकांत नावाच्या पोरानं पयला गोल घातला, तवा समदी रांग नाचाया लागली, ज्ञानूनं हलगी बडवली, कुणी गुलाल उधळला. गणपतराव हात वर करून बसलेले, थांबा म्हणून. मला वाटलं म्हाताऱ्याला आनंदबी होत न्हाय. तवर ऑफसाईडचा झेंडा वर. समद्यांची तोंडं उतरली, आणि मग कुठं त्यांनी मान हलवली, न्हाय झाला. पोरं त्यांच्याकडं बघतच राहिली. त्यांना वाटलं वस्तादांना आधीच समजलं हुतं. मला खरं ठावं होतं आणि मी पदर तोंडात धरून हसत होते.

तिथनं म्होरं रांगेनं नेमच धरला. अनेकांतनं बरोबरी केली, खरा गोल, बाकी स्टेडियम पेटलंय, आणि आपली रांग गणपतरावांच्या हाताकडं बघत बसलीया. हात खाली आला, मगच नाचली. शेजारच्या गॅलरीतली माणसं म्हणत होती, वेशीवाल्यांना काय झालंय.

आणि मग शेवटची पेनल्टी. अमरसिंह पळत आला, आपल्या गोलकीपरनं, राजवर्धननं झेप घेतली, चेंडू खांबाबाहेर. मी डोळ्यांनी बघितलं, आबांच्या लेकीनं बघितलं. सारं मैदान उठलं, फटाकं लागलं. आपली रांग मात्र एकाबी पोरानं तोंड उघडलं न्हाय. ज्ञानूची काडी हवेत. समद्यांचे डोळे त्या एका हातावर.

गणपतरावांनी काय करावं? फेट्यातली वायर उपसून काढली. मोबाईल तळहातावर ठेवला आणि हात म्होरं केला. पोरांनी डोकी वाकवली, मीबी वाकले. समद्यांना कळलं, म्हाताऱ्याला दिसत न्हाय, आणि त्यांनी ते कळू दिलं. त्यात तू अजून अमरसिंहला चेंडू ठेवायला लावत होतास. अमरसिंह चार पावलं मागं. राजवर्धन रेघेवर, गुडघे वाकलेले. उजवा पाय, बाहेरची बाजू, कमरेच्या उंचीवर. राजवर्धनच्या डाव्या हाताची दोन बोटं, कृष्णा, तू बोटंसुदिक मोजलीस, आणि चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. तू कुणाचा न्हाईस ते मला तिथं कळलं, कारण तू ओरडला न्हाईस. म्हणालास, वेशीकडील तालीम विजयी, चिंच चौकाच्या अमरसिंहला कुणीतरी हात देऊन उठवा.

गणपतरावांनी मोबाईल कपाळाला लावला. मग उठून उभे राहिले आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले.

“केरबाचं घर बोललं. आता नाचा.”

ज्ञानूची काडी खाली आली. मी नाचले, बूट काढून नाचले, आणि आता दोन दिस खाटंवरनं उठता येत न्हाय, म्हणून पत्राला उशीर. तालमीत जा. तुला बोलवाया कुणी येणार न्हाय, घरच्या माणसाला बोलवत न्हाईत.

माझा जीव तुझ्यात हाय, तसाच राहू दे.

तुझी,
अक्का